आजऱ्याचं मशीन

“वहिनी, इथं उभ्या राहा. समजा, तुम्हीच मशीन.”

परशराम भाऊजींनी मला शेडच्या मधोमध उभं केलं आणि माझ्याभोवती खडूनं मोठा चौकोन आखला. “इकडून काजूच्या बिया पडणार. तिकडून टरफलं बाहेर. आणि तुमच्या उजव्या हाताला नुसता पांढराशुभ्र गर!”

“मग मी हात पसरून उभी राहू का?” मी विचारलं, तशा कटरवर बसलेल्या बायका हसायला लागल्या.

इंदू मात्र हसली नाही. तिनं पायाखालचं पॅडल सोडलं. “मशीन आल्यावर आम्ही काय करायचं, भाऊ?”

“तुम्हीच चालवायचं की. कोल्हापूरला ट्रेनिंग आहे. दहा दिवस. राहणं-जेवण सगळं फुकट.”

“कधी?”

“एप्रिलात.”

आमच्या चंदगड भागात एप्रिल म्हणजे काजू पडायचे दिवस. प्रत्येकीची चार-दोन झाडं असतात. पहाटे उठून बिया वेचल्या नाहीत, तर दुसराच कुणीतरी वेचतो. त्या दिवसांत कोल्हापूरला जाऊन कोण राहणार? पण ट्रेनिंगची तारीख वरून ठरून आली होती, आणि मशीनच्या कर्जाला ट्रेनिंगचा कागद मागाहून जोडावा लागणार होता.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. माझा नवरा तेव्हा फौजेत, राजस्थानात होता. घर, सासूबाई आणि काजूची शेड मी आणि धाकटे दीर मिळून सांभाळत होतो. भाऊजी बेळगावला फाउंड्रीत फिटर होते. चांगली नोकरी सोडून ते गावी आले आणि शेड काढली. बिया विकत घ्यायच्या, पत्र्याच्या पिंपात भाजायच्या, कटरवर फोडायच्या, गर सोलून वाळवून व्यापाऱ्याला द्यायचा. दहा-बारा बायका कामाला होत्या.

मशीनचं वेड त्यांना सुरुवातीपासूनच होतं. कोल्हापूरला उद्योजकांच्या एका शिबिरात त्यांनी पूर्ण ऑटोमॅटिक मशीनचा प्रकल्प अहवाल बनवला. तो इतका नीट झाला, की शिबिरातल्या साहेबांनी सगळ्यांना दाखवला. तालुक्याच्या बँकेनं कर्ज मंजूर केलं. सोमवारी सह्या करायच्या होत्या. शेड भाऊजींच्या आणि माझ्या नावावर, जागा सासूबाईंच्या नावावर. म्हणजे तिघांनाही जायचं होतं.

मला मशीनबद्दल काही कळत नव्हतं. मला कळत होतं ते एवढंच, की दरवर्षी गणपती आले की आमच्या बिया संपायच्या. मग बायका दुसऱ्याच्या भाताच्या कापणीला जायच्या आणि नव्या हंगामाच्या पहिल्या बिया येईपर्यंत शेडला कुलूप लागायचं. मशीन आल्यावर बिया आणखी लवकर संपतील की काय, ही शंका माझ्या मनात होती. पण ती विचारणं अडाणीपणाचं वाटत होतं.

मला पटावं म्हणून आजऱ्याला जायचा बेत भाऊजींनीच काढला. “आजऱ्याला रोझीबाई फर्नांडिस म्हणून आहेत. त्यांच्याकडं अगदी हेच मशीन आहे. शनिवारी जाऊ. चालताना बघितलंत की तुमचं मन घट्ट होईल.”

शनिवारी सकाळी मोटारसायकलवरून आम्ही आजऱ्याला पोहोचलो. रोझीबाई पन्नाशीच्या. झग्यावर जाड एप्रन, चष्मा कपाळावर सरकवलेला. आम्ही मशीन बघायला आलोय म्हटल्यावर त्या हसल्या. “या, या. पाहुणे आले की आम्ही ते उघडतो.”

मशीनवर निळी ताडपत्री होती. ती काढली तेव्हा धूळ उडाली, पण आतलं यंत्र नव्यासारखं होतं. भाऊजी त्याच्याभोवती दोनदा फिरले, मग गुडघ्यावर बसून आत डोकावले. रोझीबाईंनी बटण दाबलं. बिया वरून पडत गेल्या आणि खाली ट्रे भरायला लागला. भाऊजी डोळे मिटून मोटरचा आवाज ऐकत होते. इतके खूश झालेले मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

“आता ट्रे बघा,” रोझीबाई म्हणाल्या.

ट्रेमध्ये अख्खे गर होते, पण त्यांच्यापेक्षा तुकडे जास्त होते. काही बिया तर न फुटता तशाच खाली आल्या होत्या. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात किती फरक पडतो, हे काजूवाल्याला सांगावं लागत नाही.

“पाती घट्ट आहेत,” भाऊजी म्हणाले. “जरा ढिली केली की...”

“ढिली केली, की बारकी बी तशीच सुटते. घट्ट केली, की मोठीचा चुरा होतो. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. त्याची चूक नाही. या यंत्राला एका मापाची बी लागते. आपल्या डोंगरातल्या दोन झाडांची बी कधी सारखी असते का?”

“चाळून मापं वेगळी केली तर?”

“केली की. चाळायला माणसं लावली. मग एकेका मापाच्या इतक्या थोड्या बिया निघायच्या, की मशीन चालू केलं म्हणेपर्यंत संपायच्या.” त्यांनी बटण बंद केलं. “आणि माझं खरं दुखणं हे नाहीच. चला, दाखवते.”

त्यांनी आम्हाला गोदामात नेलं. तिथं नव्या हंगामाची चारच पोती होती.

“हे गणपतीपासून रिकामं. माझ्याजवळचं होतं नव्हतं ते मशीनमध्ये गेलं. एप्रिल-मेमध्ये बिया स्वस्त असतात, तेव्हा घ्यायला हातात काही उरलं नाही. बाहेरचे व्यापारी ट्रक भरून घेऊन गेले. मी बँकेत गेले, तर म्हणाले, मशीनला कर्ज मिळतं, बियांना नाही. मशीन उभं राहिलं, मी उभी राहिले, आणि हप्ता मात्र दर महिन्याला चालत राहिला.”

त्या हे रडून सांगत नव्हत्या. मला जास्त वाईट त्याचंच वाटलं.

मागच्या पडवीत पाच-सहा बायका कटरवर बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघताना काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते चटकन लक्षात येईना. मग त्यातल्या एकीनं मला पाणी आणून दिलं आणि पेला धरलेली तिची बोटं दिसली. कामाची बोटं, पण स्वच्छ. आमच्या बायकांची बोटं हंगामात डांबरात बुडवल्यासारखी दिसतात. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. खोबरेल चोळा, राख चोळा, ते जात नाही.

“तुमच्याकडं हात काळे कसे होत नाहीत?” मी विचारलं.

रोझीबाईंनी कोपऱ्यातल्या एका ठेंगण्या बॉयलरकडं बोट केलं. “आम्ही भाजत नाही, वाफवतो. बी वाफवून रात्रभर गार केली, की तेल टरफलातच राहतं. फोडताना हातमोजे. हा बॉयलर मशीनच्या आधीपासून आहे. माझ्या नवऱ्यानं घेतलेला.”

भाऊजी तेव्हा आत होते. ताडपत्री परत घालायच्या आधी मशीनचं झाकण उघडून बघत होते.

येताना घाटात त्यांनी गाडी थांबवली. माझं मन घट्ट झालेलं नाही, हे त्यांना कळलं होतं.

“बाईंना चालवता येत नाही, वहिनी. मी असतो तर चालवून दाखवलं असतं.”

“चालवलंही असतंत. बिया कुठनं आणल्या असत्या?”

“त्याचं बघू की पुढं.”

“भाऊजी, शेड आपल्या पोटासाठी आहे. तुमच्या हौसेसाठी नाही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, चिडतील. पण किक मारून त्यांनी गाडी सुरू केली.

रात्री नवऱ्याचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

“तू म्हणतेस ते मला पटतंय,” ते म्हणाले. “पण परशानं त्या मशीनसाठी नोकरी सोडली. त्याचं मन मोडू नको.”

“मग मी करू काय?”

“ते मी इथं बसून कसं सांगू?”

सोमवारी आम्ही तिघं बसनं तालुक्याला गेलो. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सासूबाई नव्या लुगड्यात, देवाला निघाल्यासारख्या. मी मनात एकच वाक्य घोकत होते: साहेब, आम्हाला मशीन नको.

मेश्राम साहेब शाखेचे मॅनेजर. चंद्रपूरकडचे, बदली होऊन आलेले. मार्चअखेरची गडबड होती आणि टेबलावर कागदांचे ढीग होते, तरी त्यांनी सासूबाईंसाठी स्वतः खुर्ची ओढून दिली. “या आजी, बसा. तुमच्या मुलाचा रिपोर्ट फार चांगला आहे बरं का. अख्ख्या तालुक्यात अशी केस नाही. आधी तुमचा अंगठा घेऊ. जागा तुमची आहे ना.”

क्लार्कनं शाईचं पॅड पुढं केलं. सासूबाईंनी अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. निळा, गुळगुळीत डाग उमटला. त्यात एकही रेघ नव्हती.

“आजी, जरा हलकं टेकवा,” क्लार्क म्हणाला.

पुन्हा तसाच डाग.

“हात धुऊन या बघू.”

त्या धुऊन आल्या. क्लार्कनं स्वतः त्यांचा अंगठा धरून कागदावर फिरवला. मग डावा घेऊन बघितला. शेवटी कंटाळून तो म्हणाला, “साहेब, यांच्या अंगठ्याला ठसाच नाही.”

सासूबाई ओशाळल्या. काहीतरी चुकल्यासारखं त्यांनी हात पदराखाली घेतला. “कुठनं असेल, बाबा. चाळीस वर्षं काजू फोडलेत.”

भाऊजी उठले. खिशातला रुमाल काढून त्यांनी आईचा हात पदराखालून बाहेर घेतला आणि शाई पुसायला लागले. पुसता पुसता ते मेश्राम साहेबांशी बोलायला लागले, पण बोलत होते ते आमच्या कुणाकडंही न बघता.

“साहेब, मी लहान असताना ही दुसऱ्याच्या शेडात कामाला होती. घरी आली की माझं तोंड धुवायची. माझे गाल चुरचुरायचे. हिच्या हाताला ते तेल असायचं ना. मी ओरडायचो, हात लावू नको म्हणायचो. एकदा तर हिचा हात झटकून टाकला. त्यानंतर हिनं मला कधी हात लावला नाही. पाणी काढून द्यायची आणि लांब उभी राहायची. म्हणून मला मशीन पाहिजे, साहेब. बाकी हौस वगैरे काही नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “अरे, ते तुला अजून आठवतंय?”

बारा वर्षं मी त्या घरात होते. एकाच चुलीवरचं खात होते. आणि मी त्यांना म्हटलं होतं, शेड तुमच्या हौसेसाठी नाही.

घोकलेलं वाक्य मागं पडलं. त्या क्षणी वाटलं, पेन उचलावं आणि सही करून टाकावी. होईल ते होईल. समोर कागद होता, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारलेली होती. मी पेन उचललंही. आणि मला आजऱ्याचा तो पाण्याचा पेला आठवला.

“भाऊजी,” मी म्हटलं, “रोझीबाईंच्या बायकांचे हात बघितलेत तुम्ही?”

“कुठल्या बायकांचे?”

“पडवीत कटरवर होत्या त्यांचे. स्वच्छ आहेत. एकीचाही हात काळा नाही.”

“मशीनमुळं...”

“मशीन ताडपत्रीखाली आहे, भाऊजी. त्या हातानंच फोडतात. आधी वाफवून घेतात. मागं छोटा बॉयलर आहे.”

ते हळूच म्हणाले, “मी मशीनकडंच बघत होतो.”

मी पेन खाली ठेवलं आणि मेश्राम साहेबांना सगळं सांगितलं. आजऱ्याचं रिकामं गोदाम, ट्रेमधले तुकडे, आमचं गणपतीत लागणारं कुलूप. शेवटी म्हटलं, “साहेब, आम्हाला बॉयलर पुरेल. उरलेलं कर्ज बिया घ्यायला द्या.”

साहेबांचा चेहरा उतरला. “ताई, ही योजना यंत्रसामग्रीची आहे. कच्च्या मालाची वेगळी. आणि मार्चअखेर तोंडावर आली आहे. ही केस माझ्या यंदाच्या हिशेबात धरलेली आहे.”

“माहीत आहे, साहेब.”

“आत्ता सह्या केल्या तर चार दिवसांत काम होते. बदललं तर सगळं नव्यानं.”

क्लार्क पॅडचं झाकण लावायचं की नाही, ते ठरवत होता. मेश्राम साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग भाऊजींचा तो देखणा अहवाल त्यांनी बाजूला सरकवला आणि एक कोरा कागद ओढला.

“आमच्याकडं धान. काजूचं मला काही कळत नाही,” ते म्हणाले. “मला सांगा, तुमचं वर्ष कसं जातं? कधी घेता, कधी विकता, कधी हातात काही नसते?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मी सांगत गेले. बिया एप्रिल-मेमध्ये घ्यायच्या, पावसात फोडायच्या, दिवाळीच्या तोंडावर गर विकायचा. हप्ता द्यायचा तर दिवाळीनंतर देता येईल, आषाढात नाही. भाऊजीही हळूहळू मध्ये बोलायला लागले: बॉयलरला केवढी जागा लागेल, लाकडाऐवजी टरफलंच जाळता येतील का. साहेब लिहीत होते.

“आणि ट्रेनिंग?” त्यांनी विचारलं. “मशीनचं तर आता नको.”

“बायकांना फोडता येतं, साहेब. गर न मोडता सोलायला आणि प्रतवारी करायला शिकलं पाहिजे. पण आमच्याच शेडात. आणि पावसात, झाडांच्या बिया वेचून झाल्यावर.”

“शिकवणार कोण?”

“आजऱ्याच्या रोझीबाईंना विचारते.”

परतीच्या बसमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “मला कुणी विचारलंच नाही.”

“काय, आई?” भाऊजी पुढच्या सीटवरून वळले.

“गेली दोन वर्षं तू मला शेडात येऊ देत नाहीस. आई, घरी बस, हात खराब होतात. घरी बसून मी करू काय? सगळ्या बायका तिथं. हसणं-बोलणं तिथं. सगळं फोडणारं मशीन आणलं असतंस, तर त्या बायकाही घरी बसल्या असत्या. मग मी बोलले असते कुणाशी?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आम्ही दोघं अडून बसलो होतो ते सासूबाईंच्या हातांसाठी आणि बायकांच्या पोटासाठी, पण त्यांतल्या कुणालाच आम्ही विचारलं नव्हतं.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. नवी केस वर जाऊन परत आली, पुन्हा गेली. सासूबाईंच्या ठशाऐवजी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या लागल्या. मेश्राम साहेब दोनदा स्वतः कोल्हापूरला गेले. बियांचे पैसे हातात पडेपर्यंत मे अर्धा सरला होता आणि भाव चढले होते. गोदाम निम्मंच भरलं. इंदूसकट सगळ्या बायकांनी आपापल्या झाडांच्या बिया व्यापाऱ्याला न देता आमच्याकडं आणून टाकल्या, म्हणून तेवढं तरी भरलं. बॉयलर भाऊजींनी बेळगावच्या जुन्या दोस्ताकडून बनवून घेतला. टरफलं जाळायची भट्टी मात्र स्वतः जोडली. पहिल्या खेपेला धूर उलटा आला आणि सगळी शेड खोकत बाहेर पळाली. चौथ्या खेपेला जमलं. पुढं तालुक्यातल्या तीन शेडांना त्यांनी तशाच भट्ट्या करून दिल्या.

आषाढात रोझीबाई आल्या आणि पंधरा दिवस आमच्याकडंच राहिल्या. बायकांना शिकवताना त्या ओरडायच्या, आणि दुपारी त्यांच्याच डब्यातलं खायच्या. त्यांच्या मशीनला शेवटी गोव्याचं गिऱ्हाईक मिळालं. आयात केलेल्या, एका मापाच्या बिया फोडणारा मोठा कारखाना होता तो. तिथं ते चांगलं चालतं म्हणे.

त्या वर्षी गणपतीत शेडला कुलूप लागलं नाही. काम दसऱ्यापर्यंत पुरलं. पुढच्या वर्षी दिवाळी ओलांडली.

पण मला आठवतो तो वाफवलेल्या बिया पहिल्यांदा फोडायला घेतल्या तो दिवस. बाहेर पाऊस होता. बायका हातमोजे घालताना एकमेकींना चिडवत होत्या. भाऊजी सकाळपासून बॉयलरपाशी होते. मध्येच ते घरी गेले आणि आले ते आईला हाताला धरून. दुसऱ्या काखेत पाट होता. उजेड बघून त्यांनी तो खिडकीखाली, इंदूच्या शेजारी ठेवला.

सासूबाई पाटावर बसल्या. मोजे घातले, पदर खोचला, सुपातली एक बी उचलून नाकाशी धरली. मग वर बघून त्यांनी विचारलं, “किती वेळ बसू देणार आहेस?”

“तुला पाहिजे तेवढा वेळ,” भाऊजी म्हणाले.

“मग उभा का? जा, तुझी भट्टी बघ,” त्या म्हणाल्या, आणि इंदूकडं वळून दोन वर्षांचं राहिलेलं बोलायला लागल्या.